मुक्कामी गाडी आणि आजोळचा मुक्काम: भिवापूर रस्त्यावरच्या एका घराचं प्रकरण

नागपूरहून उमरेडमार्गे भिवापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फाटा लागतो आणि फाट्यापासून चार किलोमीटर आत एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण घर लगेच ओळखू येईल. ते माझं आजोळ. आता तिथे माझे मामाजी आणि मामी राहतात, आणि तेही आजी-आजोबा झाले आहेत. त्यांची नातवंडं नागपुरात मानेवाड्याकडे राहतात.

या घराबद्दल नीट लिहावंसं वाटलं ते एका कोड्यामुळे. आम्ही लहान असताना नागपूरहून इथे पोचायला पावणेतीन तास लागत, आणि आम्ही महिना महिना राहायचो. आज रस्ता सुधारला, दीड तासाच्या आत कार दारात उभी राहते, आणि नातवंडं सकाळी येऊन दिवेलागणीच्या आत परत जातात. गाव जवळ आलं तसा मुक्काम आटत गेला. याचं कारण विचारलं की लोक मोबाइल सांगतात, ट्यूशन सांगतात, सुनांचे स्वभाव सांगतात. त्यात थोडंथोडं तथ्य असेलही. पण या घरापुरतं मी जे पाहिलं, विचारलं आणि जुळवून पाहिलं, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. आजोळी राहायची रीत घडवली ती संध्याकाळी येऊन गावातच रात्र काढणाऱ्या एसटीने. ती गाडी गेली आणि तिच्यामागे रीतही गेली.

हे लिहिण्यासाठी मामाजी-मामींशी, माझ्या मामेभावाशी, गावातल्या चार जुन्या माणसांशी आणि या फेरीवर बरीच वर्षं ड्यूटी केलेल्या एका निवृत्त वाहकाशी बोलले. बाकी आठवणी माझ्या आणि माझ्या भावंडांच्या आहेत.

गाडीचा हिशेब

ज्यांनी मुक्कामी गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी तिचा हिशेब आधी सांगते. दुपार कलताना शहरातून निघालेली गाडी अंधार पडता पडता शेवटच्या गावी पोचते. तिला तशीच परत फिरवली, तर रात्री शहराकडे येणारा प्रवासी नसतो. पहाटे गावातून माणसं आणायची म्हणून तिला पुन्हा रिकामी पाठवावी लागते. डिझेल जळतं आणि तिकीट फाटत नाही. अशा धावेला एसटीत डेड किलोमीटर म्हणतात. त्यावरचा तोडगा म्हणजे रात्रवस्ती. चालक-वाहक गावातच झोपतात, गाडी गावातच उभी राहते आणि पहाटे भरून निघते. दोन रिकाम्या धावा वाचतात, दोन भरलेल्या मिळतात. बदल्यात एक गाडी आणि दोन माणसं रात्रभर आगाराबाहेर राहतात, त्यांना भत्ता द्यावा लागतो, आणि रात्री पंक्चर निघालं तर मदतीला कोणी नसतं.

मामाजींचा जन्म १९४८ चा. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, म्हणून ते स्वतःला एसटीच्या बरोबरीचे म्हणवतात आणि ते अभिमानाने सांगतात. विदर्भात मात्र ती गाडी नंतर आली. आपला हा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता आणि इथे प्रांतिक परिवहन सेवेच्या गाड्या चालत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि इथली बससेवाही तिकडच्या महामंडळात मिसळली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर महामंडळाचं नाव बदललं. नागपूरजवळ हिंगण्याला एसटीची कार्यशाळा आहे, तिथे गाड्यांचे सांगाडे बांधले जात. मामाजी सांगतात, त्यांच्या लहानपणी गावातून नागपूरला जायचं तर फाट्यापर्यंत बैलगाडी. मुक्कामी गाडी सुरू झाली ती मुरमाचा रस्ता पक्का झाल्यावर, त्यांच्या लग्नाच्या आसपास. गावाने तिचं स्वागत नारळ फोडून, रेडिएटरला हार घालून केलं होतं.

गणेशपेठ ते गावाचा पार

आमच्या वेळी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, ही गाडी पावणेपाचला गणेशपेठच्या बस स्टँडवरून सुटायची. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढेही जातो. त्यामुळे पावणेपाच ही वेळ देवाने दिल्यासारखी होती. दुपारची झळ स्टँडच्या छपराखाली काढायची, गाडी लागली की बाबा खिडकीतून दुपट्टा सीटवर टाकायचे आणि मग आम्ही दारातल्या गर्दीत घुसायचो. खिडकीच्या आडव्या दांड्या हाताला चटके द्यायच्या. रेक्झिनच्या सीटवर फ्रॉकमधले पाय चिकटायचे, म्हणून आई खाली टॉवेल अंथरायची. मागच्या बाजूला "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग" असं लिहिलेलं दार होतं, त्यावरची अक्षरं जुळवत जुळवत माझा धाकटा भाऊ वाचायला शिकला.

दिघोरी सुटली की शहर संपायचं. पाचगावच्या आसपास गिट्टीच्या खदानींची धूळ आत यायची. उमरेडला गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबायची, तिथे कोळसा खाणीची पाळी सुटलेली माणसं चढायची, आणि बाबा आम्हाला भजी घेऊन द्यायचे. उमरेडनंतर गाडी बदलून जायची. म्हणजे गाडी तीच, पण आतली माणसं ओळखीची व्हायची. "कोनाची पोरगी तू? पाटलीनबाईची नात का?" अशी चौकशी सुरू व्हायची. फाट्यावर वळताना वाहक एक घंटी मारायचा, उतरणारे उतरायचे, दोन घंट्या झाल्या की शेवटचे चार किलोमीटर. त्या टप्प्यात तो उभा राहून तिकिटांचा ट्रे बंद करायचा. एवढं अंतर आता फक्त गावचे लोक आहेत आणि सगळ्यांची तिकिटं झाली आहेत, हे त्याला माहीत असायचं.

गाडी गावच्या पारापाशी थांबायची. पारापासून तिसरं घर आबाजींचं, म्हणजे माझ्या आजोबांचं. गाडीचा दिवा शेताच्या वळणावर दिसला की आजी कंदील घेऊन ओसरीवर यायची. वीज असली तरी कंदील असायचाच, कारण उन्हाळ्यात संध्याकाळी वीज जायची.

त्यानंतरचा तास मला सगळ्यात जास्त आठवतो. चालकसाहेब पाना घेऊन एकेका चाकावर ठोकत गाडीभोवती फिरायचे, आवाजावरून हवा ओळखायचे. वाहकभाऊ आबाजींच्या ओसरीवर बसून पेटी उघडायचे. पातळ कागदाच्या तिकिटांचे गठ्ठे रंगांप्रमाणे लावलेले असत. प्रत्येक गठ्ठ्याचा वरचा नंबर बघायचा, सकाळचा नंबर त्यातून वजा करायचा, तो किमतीने गुणायचा आणि वे-बिलात, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदात, भरायचा. पैसे मोजताना ते नाण्यांचे दहा-दहाचे ढीग लावत आणि आम्हा पोरांना ढीग मोजायला सांगत. आमचा आणि त्यांचा हिशेब जुळला की आम्हाला वाटायचं, एसटी आपल्यामुळे चालते आहे. कधी रुपयाचा फरक निघाला तर त्यांच्या कपाळावर आठी पडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कमी पडलेला रुपया त्यांना पदरचा भरावा लागायचा, हे तेव्हाच कळलं होतं.

जेवण गावातल्या घरांनी वाटून घेतलं होतं. कोणत्या दिवशी कोणाकडे, हे ठरलेलं होतं. आमच्याकडची पाळी असली की आजी भाकरीबरोबर वांग्याची भाजी करायची आणि तिखट जरा कमी टाकायची, कारण एक चालक वर्ध्याकडचे होते आणि त्यांना आमच्याकडचा झणका सोसत नसे. भिवापुरी मिरचीचा हा मुलूख. पुढे त्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालं. एप्रिलमध्ये घराघरात वर्षभराचं तिखट कुटलं जायचं. आम्ही पोरं देठ खुडायला बसायचो आणि ओसरीवर सगळ्यांना ठसका लागलेला असायचा. जेवण झालं की वाहकभाऊ पैशाची बॅग उशाला घेऊन शाळेच्या व्हरांड्यात, नाहीतर उकाडा असला तर गाडीच्या टपावर झोपायचे.

पहाटे पाचला पहिला हॉर्न. त्याआधी आम्ही उठून बसलेलो असायचो, कारण बोअरिंगवरून बादलीने पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतायचं काम पोरांचं होतं. चालकसाहेब झाकण उघडून धरायचे आणि म्हणायचे, "हळू वत रे, सांडू नको." सव्वापाचला इंजिन सुरू व्हायचं आणि अर्धा तास नुसतं घुरघुरत राहायचं. त्या आवाजावर गाव उठायचं. दुधाचे कॅन टपावर चढायचे, भाजीच्या पाट्या मागच्या लांब सीटखाली जायच्या, उमरेडला शिकायला जाणारी पोरं पास काढून उभी राहायची, कोणी आजारी असेल तर त्याला पुढच्या सीटवर बसवायचे. पावणेसहाला गाडी सुटायची. कोणी राहून गेलं असेल तर पारावरून हाक यायची, "थांब ना जी भाऊ, बुढी येऊन राहिली!" आणि गाडी थांबायची.

मुक्काम कसा ठरायचा

आता मूळ मुद्दा. संध्याकाळी साडेसातला येणारी आणि पहाटे पावणेसहाला जाणारी ही गाडी गावाची एकुलती एक गाडी होती. दिवसा एक गाडी फाट्यावरून जायची, पण उन्हात चार किलोमीटर पोरं घेऊन कोण चालणार? म्हणजे आलेल्या माणसाला एक रात्र राहणं भागच होतं. आणि रात्री साडेसातला येऊन पहाटे पावणेसहाला निघणं शोभत नाही, म्हणून दुसरा दिवस आणि दुसरी रात्र आपोआप जोडली जायची. बाबा शनिवारी संध्याकाळी आम्हाला घेऊन येत. रविवारी आबाजींबरोबर शेतात जात, आंब्याखाली झोपत, आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने निघून साडेआठला नागपुरात, साडेदहाला ऑफिसात. सोमवारच्या पहाटे झोपलेल्या पोरांना उठवून नेण्यात काही अर्थ नव्हता. मग पोरं राहायची. पुढचा शनिवार आला की बाबा यायचे, पण आई म्हणायची, आणखी आठ दिवस राहू द्या. असा महिना भरायचा. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे महिना कुठेच आडवा येत नसे.

दुसरं म्हणजे, पोरांना एकट्याने पाठवता यायचं. मी तिसरीत असल्यापासून आम्ही भावंडं बाबांशिवाय जायला लागलो. बाबा स्टँडवर वाहकाला गाठायचे, अर्धी तिकिटं काढायचे आणि एवढंच म्हणायचे, "पोरं आबाजीच्या हवाली करा जी." यात धाडस काहीच नव्हतं, आणि त्याचं कारण गाडीच्या रचनेत होतं. गाव हा शेवटचा थांबा, त्यामुळे चुकून पुढे जाण्याची भीती नाही. वाहक त्याच गावात झोपणार, बहुतेक आबाजींच्याच ओसरीवर हिशेब करणार. आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या आत तोच वाहक नागपूरच्या स्टँडवर परत. बाबा ऑफिसला जाताना तिथे डोकावायचे आणि पोरं पोचली का, हे विचारून घ्यायचे. फोन नसलेल्या काळात ही पोच रात्रीच्या रात्री तयार होऊन सकाळी शहरात यायची. मी आज कोणत्याही ॲपवर माझ्या लेकीला एकटीने पावणेतीन तासांच्या प्रवासाला पाठवणार नाही. तेव्हा माझ्या आईने माझ्याबरोबर धाकट्या भावालाही पाठवलं, आणि ती रात्री शांत झोपली.

तिसरं, गाडी रोज यायची, म्हणून घरं एकमेकांना रोज लागलेली होती. आईने पाठवलेलं औषध, पाव, टोस्टचा पुडा गाडीतून यायचा. आजीकडून कुरड्या, शेवया, कैऱ्या, लाखोळीची डाळ, तिखटाची बरणी जायची. आबाजींचं पत्र पोस्टात पडायच्या आधी वाहकाच्या खिशातून पोचायचं. गाडीवाल्यांनी या कामाचे पैसे कधी घेतले नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी मिरवतात, तो तान्हा पोळा. त्यासाठी तर गाडीत नंदीच जास्त असायचे. पोळ्याच्या संध्याकाळी नागपूरहून निघणारी नातवंडं नंदी कडेवर घेऊन बसायची, कोणाच्या नंदीचं शिंग कोणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून वाहक ते गोळा करून बॉनेटवर रांगेत ठेवायचा. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, आली आणि गावात झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या रंगभूमीचं, नाटक असलं की चालक-वाहकांना पुढच्या रांगेत जागा राखलेली असायची. नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि ते दोघं मधल्या अंकातच उठून जायचे, कारण त्यांना पावणेसहाला गाडी काढायची असायची.

गाडी कशी गेली

ती एका दिवसात गेली नाही. नव्वदच्या दशकात काळ्या-पिवळ्या जीपा आल्या. भरली की सुटते, आणि दिवसभर सुटत राहते. मग मोटारसायकली आल्या. उमरेडला शिकणारी मुलं आणि दूध नेणारे आधी गाडीतून उतरले. त्यांच्यामागे भाजीवाले गेले. गाडीत उरल्या बायका, म्हातारी माणसं आणि सुट्टीतली पोरं. ही तिन्ही माणसं जीपच्या मागच्या फळीवर बसू शकत नाहीत, आणि मोटारसायकल त्यांच्या हातात नसते.

निवृत्त वाहकांनी मला एक गोष्ट समजावली, ती मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. फेरीचं भारमान काढतात, म्हणजे गाडीच्या क्षमतेच्या किती टक्के प्रवासी बसले ते. संध्याकाळची फेरी उमरेडपर्यंत भरलेली असायची, फाट्यापर्यंत अर्धी, आणि शेवटच्या चार किलोमीटरला आठ-दहा माणसं. ती एकटी पाहिली तर अशक्त दिसते. पहाटेची फेरी तिच्यामुळेच शक्य होते, पण कागदावर ती वेगळी फेरी. शिवाय वर्षाची सरासरी काढली की मे महिना, पोळा आणि दिवाळीची गर्दी बाकीच्या महिन्यांत विरघळून जाते. ते म्हणाले, "ताई, मे महिन्यात मी या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली. ऑगस्टात मी आणि डायव्हर दोघंच गावात शिरलो आहोत. दोन्ही खरं आहे." यात कोणाचा अप्रामाणिकपणा नाही. मोजमापच असं आहे की ज्या कामासाठी गाडी सगळ्यात जास्त लागते, ते काम त्यात उमटत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाड्या थांबल्या. नंतर दिवसाच्या फेऱ्या हळूहळू आल्या. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. या दोन वर्षांत पारावर रात्री गाडी उभी नसायची याची गावाला सवय झाली. गाड्या पूर्ववत झाल्या तेव्हा गावाला सकाळी अकराची एक फेरी मिळाली, जी येते आणि पाच मिनिटांत परत फिरते. त्याआधी, २०१९ च्या अखेरीस, नागपूर–नागभीड ही छोटी रेल्वेही ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली होती. उमरेड-भिवापूरच्या म्हाताऱ्या माणसांचा तो दुसरा स्वस्त मार्ग होता.

चालक-वाहकांची बाजूही मांडायला हवी. आमच्या आठवणीत त्यांची रात्र सुंदर आहे, पण त्यांच्यासाठी ती व्हरांड्यातली रात्र होती. डास, पावसाळ्यात साप, संडास नाही, उशाला दुसऱ्याचे पैसे. आता एसटीत महिला वाहकही आहेत, आणि कुलूप लागणारी खोली आणि संडास नसलेल्या गावी त्यांना रात्र काढायला लावणं अन्यायाचं होईल. गावाने गाडीवाल्यांना जेवण दिलं, माया दिली, पण खोली कधी बांधून दिली नाही. मामाजींनी हे स्वतःहून बोलून दाखवलं.

आज

माझ्या मामेभावाची मुलं चौथीत आणि सातवीत आहेत. त्याला बुटीबोरीला नोकरी आहे, रविवारची सुट्टी. रविवारी सकाळी कार काढतो, दहाला गावात, चारच्या चहानंतर परत. कधी महिन्यातून एकदा, कधी दोनदा. त्याला मी विचारलं, मुलांना ठेवून का येत नाहीस? तो म्हणाला, ठेवलं तर आणायला पुन्हा यावं लागतं, आणि तो वार कामाचा असतो. कार दारात असली की परत जाणं हाच सोपा मार्ग होतो. पूर्वी परत जाणं अवघड होतं आणि राहणं सोपं होतं, एवढा हा फरक आहे, आणि त्यात मुलांचं मन कोणी विचारलेलंच नाही. सातवीतली मुलगी मला म्हणाली की तिने हे गाव रात्री कधी पाहिलं नाही. ते ऐकून मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

फाट्यापर्यंत गाडीने येऊन चालत जावं, तर तेही आता जमत नाही. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झाल्यापासून या पट्ट्यात वाघाचा वावर वाढला आहे, आणि दिवेलागणीनंतर त्या चार किलोमीटरवर पायी जायला मोठी माणसंही तयार नसतात.

मग प्रवास उलटा झाला. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला. मामाजींना २०२३ मध्ये ७५ वर्षं पूर्ण झाली. त्यांना तिकीट लागत नाही, मामींना अर्धं लागतं. अकराच्या गाडीने ते दोघं उमरेडला येतात, तिथून दुसरी गाडी धरून नागपूर. नातवंडं शाळेतून येईपर्यंत फ्लॅटच्या दाराशी बसतात, कारण चावी सुनेकडे असते. दोन दिवस राहतात आणि परततात, कारण घरी गाय आहे. या दोन सवलतींचं मोल मी कमी लेखत नाही. त्यांच्यामुळे मामी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने, कोणाला पैसे न मागता, नागपूरला जाऊन येतात. पण आजी-आजोबांनी शहरात पाहुणं म्हणून जाणं आणि नातवंडांनी गावात येऊन घरचं होणं, यांत फार अंतर आहे. फ्लॅटमध्ये मामाजी मुलांना फक्त गोष्टी सांगू शकतात. बैलाच्या वेसणीला हात कसा घालायचा, विहिरीतला गाळ कसा काढायचा, मोहाची फुलं पहाटे का वेचायची, हे सांगून शिकता येत नाही.

गावाने यंदा एक अर्ज केला आहे. रोजची मुक्कामी गाडी मागितलेली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत, पोळ्याला आणि दिवाळीत, शनिवारी संध्याकाळी नागपूरहून एक गाडी सोडावी, ती रविवारी पहाटे उमरेडला जाऊन संध्याकाळी परत यावी, आणि सोमवारी पहाटे नागपूरला निघावी, एवढीच मागणी आहे. सुट्टीच्या हंगामात एसटी जादा गाड्या सोडतेच, त्यातलीच ही एक धरावी असं अर्जात लिहिलं आहे. ग्रामपंचायतीने शाळेमागची खोली द्यायचं ठरवलं आहे. तिला कुलूप, पंखा, मच्छरदाणी आणि शेजारी संडास. खोलीचं काम आधी पूर्ण करून मग अर्जाचा पाठपुरावा करायचा, हा मामाजींचा आग्रह होता आणि तो मला अगदी बरोबर वाटतो.

अर्जाचा मसुदा वाचायला मी मामेभावाकडे नेला होता. त्याने तो दोनदा वाचला. म्हणाला, गाडी सुरू झाली तर मी मुलांना गणेशपेठला बसवून देईन, मला कार काढायचीही गरज नाही. मग त्याने एकच गोष्ट विचारली: "कंडक्टर दर वेळी तोच राहील का?" हा प्रश्न मी निवृत्त वाहकांकडे नेला. ते म्हणाले, ड्यूट्या पाळीने लागतात, पण एखाद्या मार्गावर कोणी मागून ड्यूटी घेतली तर ती मिळू शकते, त्यांनी स्वतः ही गाडी मागूनच घेतली होती. अर्जात तेवढी एक ओळ वाढवली: सुट्टीच्या हंगामात या फेरीवर शक्यतो चालक-वाहकांची एकच जोडी द्यावी, म्हणजे मुलांना एकट्याने पाठवता येईल.